चिमटीतला काजवा

कुणालीला कुणी विचारलं, तू काय करतेस गो, तर ती सांगायची की शहापूरला कॉम्प्युटर क्लासमधे शिकवते. तेवढं लोकांना कळायचं. पण घरी परतल्यावर शाळेच्या भिंतीला पाठ लावून, कारण पाड्यात नेटवर्क तिथंच येई, ती मांडीवर जुना लॅपटॉप घेऊन जे करत बसायची, त्याला डोळखांबच्या त्या अख्ख्या डोंगरात नाव नव्हतं.

ती खेळणी करायची. मातीची नव्हेत, लाकडाचीही नव्हेत. वेबपेजची. लिंक उघडली की एक कोंबडी दिसे; तिला जितकं हाकलाल तितकी ती घरात शिरे. दुसऱ्या लिंकवर नाचणीची भाकरी थापायची. बोट जरा चुकलं की तडा गेलाच. तिसरीवर नुसतं बोट फिरवायचं आणि पत्र्यावर पाऊस वाजायचा. याचा उपयोग काय? शून्य. आई, रंभाकाकू, कपाळाला हात लावून म्हणायची, "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी." कुणाली हसायची. प्रत्येक खेळण्यात एक नवी गोष्ट ती स्वतःच्या स्वतः शिकलेली असे, एकात आवाज, दुसऱ्यात बोटाचा वेग. क्लासमधे दिवसभर जे शिकवावं लागे त्याचा तिला कंटाळा होता. यात जीव होता. आणि सगळ्यात आधी ते खेळायचा तो तिचा मोठा भाऊ, प्रज्वल. त्या कोंबडीला त्याने एवढ्या शिव्या घातल्या होत्या की विचारू नका.

मग भात झोडायच्या दिवसांत प्रज्वलचा उजवा हात मळणीयंत्रात गेला.

बोटं राहिली, हे नशीब. ठाण्याला डॉक्टरांनी ती जुळवली, शिवली, आणि सांगितलं, आता हालचाल तूच करायची, आमच्या हाती एवढंच होतं. अंगठा आणि शेजारची दोन बोटं हलायची, पण मिटायची नाहीत. एकमेकांपाशी यायची आणि मधेच थांबायची. दाबायला दिलेला रबरी चेंडू त्याने तिसऱ्याच दिवशी ओढ्यात भिरकावला. एका गोदामात कामाला जायचा, ते काम गेलं. तो ओटीवर बसून राहायचा, जेवताना पाठ करून डाव्या हाताने जेवायचा. कुणी बोलायला आलं की हात मांडीखाली.

कुणालीच्या डोक्यात आलं, चेंडू नको असेल तर खेळणं करू. आणि तिने काजवे केले. काळोखा स्क्रीन, त्यात काजवे लुकलुकतायत. अंगठा आणि दोन बोटं काजव्याच्या भोवती टेकवायची आणि चिमूट मिटायची. मिटली की काजवा पकडला, उजेड वाढला. पुरेसे काजवे झाले की अख्खं झाड उजळतं. तीन बोटं एकाच वेळी कशी ओळखायची हे तिला तोवर येत नव्हतं. त्यासाठी तिने किती डोकं झिजवलं, तिचं तिलाच ठाऊक. झाड पहिल्यांदा तिच्या स्वतःच्या बोटांनी उजळलं तेव्हा ती शाळेच्या भिंतीपाशी एकटीच मोठ्याने ओरडली.

ओटीवर नेटवर्कविना चालेल असं ते तिने प्रज्वलच्या फोनमधे उतरवून दिलं. त्याने फोन मांडीवर ठेवला. काजवा सुटला. दुसरा सुटला. एकही लागेना. चौथ्या दिवशी तो म्हणाला, "हा पण नेऊन ओढ्यात टाक."

आता सांगा, बहिणीने काय करावं? तिने कोड उघडला. त्यात एक आकडा होता, बोटांच्या मधे किती अंतर राहिलं तर चिमूट मिटली असं धरायचं, तो. तिने तो थोडासा वाढवला. चोरी थोडीच होती? खेळात कुणीच जिंकलं नाही तर तो खेळ कसला!

दुसऱ्या दिवशी काजवा लागला. प्रज्वल ओटीवरून ओरडला, "कुणे! आला गो, आला!" रंभाकाकू चूल सोडून धावली. कित्येक महिन्यांत तिने पोराचे दात पाहिले नव्हते.

मग काय, दारू पिणाऱ्याला घोट आणि हिला आकडा. तो अडला की ही वाढवायची. थोडाच, दर वेळी थोडाच. मनाशी म्हणायची, सवय होऊ दे, जोर येऊ दे, मग हळूहळू परत खाली आणीन. आणलं मात्र कधीच नाही. झाड उजळायला लागलं. पाड्यातली पोरंटोरं भोवती जमायची, तो त्यांना हरवायचा. कुणाली त्याच्या बोटांकडे बघायची नाही. स्क्रीनकडेच बघायची.

आषाढात आवणी सुरू झाली. या पाड्यात भाताची लावणी मजुरीने होत नाही. हाताच्या बदल्यात हात. आज आमच्या घरचे दोन हात तुमच्या खाचरात, उद्या तुमचे आमच्यात. रोज सकाळी बांधावरून हाक येते, कोण येतंय? आणि घराने नाव सांगायचं. गेल्या मळणीपासून रंभाकाकू एकटीचंच नाव सांगत होती. त्या सकाळी प्रज्वल ओटीवर उभा राहिला. "आई, माझा पण हात मोज. आता मिटतो."

रंभाकाकूने त्याच्यावरून मीठ-मोहरी ओवाळून टाकली.  सांग, सांग, असं कुणालीचं मन मात्र ओरडत होतं.  सांगायचं सोडून तिने क्लासला सुट्टी टाकली आणि ती त्याच्या मागोमाग गेली.

रांगेत एक नियम असतो, कुणी सांगितलेला नाही पण सगळे पाळतात: शेजारच्याची लावणी वाकडी आली तर त्याला टोकायचं नाही. टोकलेला माणूस उद्या येत नाही, आणि त्याचा हात गेला म्हणजे आपलं खाचर पडीक राहिलं. तेव्हा शेजारच्याने गपचूप सरळ करायचं आणि पुढं व्हायचं. प्रज्वलच्या शेजारी सुंदरावहिनी होती, पाड्यातला सगळ्यात चपळ हात. तो डाव्या हातात रोपांची मूठ धरून उजव्याच्या दोन बोटांच्या बेचक्यात एकेक काढत होता आणि चिखलात ठेवत होता. ठेवतच होता, दाबत नव्हता. रोप रुजायला अंगठा आणि दोन बोटं चिखलात खुपसावी लागतात. सुंदरावहिनी आपलं लावून झालं की डावा हात लांब करून त्याचं प्रत्येक रोप दाबत होती. एकदा कुणालीची आणि तिची नजर भेटली. वहिनी हळूच म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची," आणि परत वाकली.

असे दिवस गेले. वहिनी दाबायची, कुणाली बघायची. प्रज्वल तर हवेत होता. चिखलाने माखून घरी यायचा आणि दोन्ही हात धुवायचा, उजवाही, सगळ्यांसमोर.

मग यांच्या स्वतःच्या खाचरांची पाळी आली. शेवटचा ओढ्याकडचा कोपरा उरला, तेव्हा तो म्हणाला, "तुमी सगळ्या घरला जा. एवढा मी एकटा लावतो."

"अरे, दोघं मिळून करू ना," कुणाली म्हणाली.

"नाय गो. बापाच्या मागारी एक तरी खाचर माझ्या हातचं असू दे."

 सुंदरावहिनीने कुणालीकडे पाहिलं, कुणालीने बांधाकडे. सगळ्या निघाल्या. तो अंधार पडेस्तोवर वाकलेला दिसत होता.

रात्रभर पाऊस कोसळला. सकाळी रंभाकाकू आणि कुणाली गेल्या तर कोपऱ्यातलं खाचर नुसतं पाण्याने भरलेलं, कोरं. सगळी रोपं तरंगून पाणी बाहेर पडायच्या तोंडाशी गोळा झाली होती, अडकून, पिवळट, मुळं वर. रोपं वाढवलेल्या वाफ्यात तर नव्याने लावायला एक मूठही उरली नव्हती.  रंभाकाकू पदर खोचून पाण्यात उतरली आणि रोपं वेचू लागली. कुणालीही उतरली. तो यायच्या आत लावून टाकू, दोघींच्या मनात एकच.

पण तो बांधावर येऊन उभा होता.

 तो चिखलात उतरला, आईच्या हातातलं एक रोप घेतलं आणि लावलं. हात काढला. रोप हललं, आडवं झालं, तरंगत त्याच्या पोटरीला येऊन लागलं.

"कुणे," तो म्हणाला, "काजवा कसा लागायचा मग?"

आता लपवून काय करणार? "मी अंतर वाढवत नेलं दादा."

"किती?"

 तिने स्वतःचा अंगठा आणि बोटं समोर धरली. मधे एवढी जागा, की त्यातून अख्खं लिंबू गेलं असतं. त्याने आपला हात तिच्या हाताशेजारी आणला. अगदी तेवढीच जागा. पहिल्या दिवशी होती तेवढीच.

"म्हंजे एकदाबी मिटली नाय."

"नाय."

"आणि सुंदरावहिनी शेजारी होती, म्हणून तिकडली माझी रोपं ऱ्हायली."

कुणालीला त्या घटकेला वाटलं, चिखलाने आपल्याला गिळावं. त्याने शिवी दिली असती, कानाखाली मारली असती तरी तिला बरं वाटलं असतं. तो तसं काही करणारा नव्हता. "चेंडू दाबत बसलो असतो," तो एवढंच म्हणाला, "तर निदान कळलं असतं." आणि बांध चढून घरी गेला.

ते खाचर दोघींनी लावलं. अर्धंमुर्धं जगलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावरून सुंदरावहिनीची हाक आली, "रंभाकाकू, तुमचे हात किती?"

रंभाकाकूने तोंड उघडायच्या आत ओटीवरून प्रज्वल बोलला. चढ्या आवाजात नाही, साध्या. "आई आणि कुणाली. वहिनी, माझा मोजू नका. आता कधीच मोजू नका."

सुंदरावहिनी मान हलवून खाचराकडे वळली. कुणालीने शाळेच्या भिंतीपाशी जाऊन क्लासला फोन करून आणखी सुट्टी मागितली, ओढणी कमरेला आवळली आणि आईच्या मागोमाग उतरली. भाऊ ओटीवर बसला होता, उजवा हात मांडीखाली घालून.