पिंपावरचा तीन

"हात घाल," साहेब म्हणाला. पाहुण्यांसमोर. क्रोमच्या टाकीत.

ऐका बायांनो, मी करमाडच्या बौद्धवाड्यातली. शेंद्र्याच्या एका कारखान्यात कामाला होते, तिथं नळाच्या तोट्यांवर क्रोमची चमक चढवतात. तोट्या टाकीतून निघाल्या की मी धुवायची, उघड्या हातांनी. पाहुणे येणार म्हणून त्या दिवशी मोजे मिळाले होते. एकानं विचारलं, हे पाणी बाधत नाही का? साहेबानं नाकावरचा रुमाल न काढता मला बोलावलं, मोजा उतरवायला लावला. मनगटापर्यंत हात घातला मी. तांबडंलाल पाणी. झोंबलं, तरी हसले. व्हय, हसले. ती लाज अजून जात नाय.

"यांचे हात पिढ्यान्‌पिढ्यांचे मुरलेले," साहेब म्हणाला. सगळे हसले.

पुढं बोटांना भोकं पडली. मसुराएवढी, खोल. सांगायला गेले, तर त्यानं रसायनाच्या पिंपावर बोट ठेवलं. "तीन लिहिलंय. तीनचं क्रोमियम बाधत नाही. तुमची जात कधीपासून नाजूक झाली?"

शाळा मी पाहिली नाय. अक्षरं नातीच्या पाटीवर शिकले. ती आता अकरावीला, सायन्सला. भाकरी थापता थापता तिला विचारलं, पिंपावर सी-आर, ओ आणि ओच्या पायाशी तीन लिहिलंय, म्हणजे काय गं?

"आजी, सी-आर म्हणजे क्रोमियम, ओ म्हणजे ऑक्सिजन. तो तीन ऑक्सिजनचा. क्रोमियमचा अंक काढावा लागतो."

एका ऑक्सिजनचे उणे दोन. तिघांचे उणे सहा. सगळं मिळून शून्य यायला पाहिजे. मग क्रोमियम किती? तिनं सांगितलं नाय, मलाच काढायला लावलं. अधिक सहा. तीनचं पाणी हिरवं असतं, म्हणाली. सहाचं लाल, आणि तेच मांस खातं.

तव्यावरची भाकरी करपली. साहेब इंजिनियर. त्याला एवढं येत नव्हतं? येत होतं.

पुन्हा पाहुणे आले. पुन्हा मोजे मिळाले. "मावशी, हात घाल."

मी मोजे काढून टाकीच्या काठावर ठेवले. "तीन ऑक्सिजनचा हाय, साहेब. क्रोमियम सहाचं. आधी तुमचा हात घाला."

कुणी हसलं नाय. तिथल्या तिथं मला गेटबाहेर काढलं.

बोटं आता नीट मिटत नाहीत. खडू धरता येतो. रोज सकाळी गेटसमोरच्या भिंतीवर तेवढंच गणित लिहिते. वॉचमन पुसतो. मी परत लिहिते. आत अजून अकरा बाया आहेत. अकराही जणींना ते तोंडपाठ होईस्तोवर लिहिणार. मग पाहुणे आले की साहेबानं स्वतःचा हात घालावा.