नऊ फूट की दहा

माझ्या मेहुण्याने शहाडची शेवटची जमीन बिल्डरला दिली आणि वर्षभरात त्याला घरी बसवेना. नदीकाठची भाताची शेतं त्यांच्या घरात कितीतरी पिढ्या होती. आता तिथे सोळा मजली इमारती उभ्या राहिल्या आणि त्यातल्या एका इमारतीत सातव्या मजल्यावर तो राहायला गेला. शेवटी त्याने घाट चढून वर, नाशिककडे, दोन एकर काळी जमीन घेतली. आमच्याकडच्या पावसात जे कधी जमलं नसतं ते त्याला तिथे करायचं होतं. द्राक्षं.

माझी बायको त्याची थोरली बहीण. कल्याणला एका कॉलेजात ती सव्वीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवत होती. स्नायूंच्या आजाराने पाय गेले, मग तिने नोकरी सोडली. आमच्या वर्तकनगरच्या घरात ती दिवसभर खिडकीशी बसून असायची. मेहुणा एक दिवस आला आणि म्हणाला, ताई, बागेची आखणी तू करायची, मला यातलं काही कळत नाही. त्याला खरंच कळत नव्हतं, की तिला काम द्यायचं म्हणून तो तसं म्हणाला, हे मी त्याला कधी विचारलं नाही.

त्या दिवसापासून आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवण कमी आणि कागद जास्त. माझी सगळी नोकरी बांधकामाचे नकाशे काढण्यात गेली, त्यामुळे पेन्सिल माझ्या हातात. ती सांगायची, मी आखायचो. ओळी दक्षिणोत्तर, म्हणजे सकाळचं आणि दुपारचं ऊन दोन्ही बाजूंना मिळेल. ओळींच्या टोकांना ट्रॅक्टर वळवायला जागा. खरा प्रश्न होता तो दोन ओळींत किती अंतर ठेवायचं आणि एका ओळीत दोन वेलींमध्ये किती. तिने पुस्तकं वाचली, तिकडच्या तीन बागायतदारांशी फोनवर बोलली आणि नऊ बाय पाच ठरवलं. नऊ फुटांवर ओळ, पाच फुटांवर वेल. त्याहून दाट लावलं तर पानांची गर्दी होते, हवा खेळत नाही, रोग येतो. त्याहून विरळ लावलं तर जमीन वाया.

मी मात्र नकाशा दहा बाय पाचचा काढला.

तिने तो पाहिला आणि आकडेमोड केली. एकरी साडेनऊशेच्या वर वेली बसायच्या, त्या पावणेनऊशेवर आल्या होत्या. ती म्हणाली, तुमची चूक झाली आहे. मी म्हटलं, ट्रॅक्टरला बरं पडेल. तिने मान्य केलं नाही.

पुढच्या रविवारी दुपारी बिल्डिंगच्या पार्किंगमधल्या गाड्या बाहेर गेलेल्या. मी खडूने खाली ओळी आखल्या, वेलींच्या जागी बादल्या ठेवल्या आणि तिला खाली आणलं. तिची खुर्ची बॅटरीवर चालायची, ती स्वतःच हाताने वळवायची. नऊ फुटांच्या ओळीतून ती नीट गेली. पण खऱ्या बागेत वर तारांचा मांडव दोन्ही बाजूंनी पुढे येतो, पानं लोंबतात. तेवढी जागा सोडली की खुर्चीशेजारी दुसऱ्या माणसाला चालता येत नव्हतं. मी मागे राहिलो. दहा फुटांच्या ओळीत मी तिच्या बाजूने चाललो.

तिने खुर्ची थांबवली. आता तिला कळलं होतं.

"माझ्यासाठी वेली कमी करू नका," ती म्हणाली. "मी किती दिवस येणार तिथे? त्या वीस वर्षं उभ्या राहणार आहेत."

मी म्हटलं, तू दर महिन्याला येणार आहेस. वॉचमन बघत होता म्हणून मी बादल्या गोळा करायला लागलो. पण हट्ट सोडला नाही. आम्ही दोघंही आपापला आकडा धरून बसलो आणि मेहुण्याकडे दोन नकाशे गेले.

दिवाळीनंतर आम्ही जमीन बघायला गेलो. नांगरट झालेली, वरून कोरडी दिसत होती. फळीवरून खुर्ची गाडीतून उतरवली. ती चार हात पुढे गेली आणि चाकं मातीत रुतली. बॅटरीची खुर्ची जड, काळी माती मऊ. मेहुण्याने आणि मी ओढून काढली, तर दोन हातांवर पुन्हा रुतली. मी महिनाभर फुटांचा हिशेब करत होतो आणि माती कशी आहे हे एकदाही विचारलं नव्हतं. नऊ काय, दहा काय, तिला त्या ओळींतून जाताच येणार नव्हतं.

ती हसली. मग म्हणाली, मला बांधावर गाडीत बसवा आणि दार उघडं ठेवा. तिथून तिने दोन तास काम करून घेतलं. दोरी कुठे ताणायची, पहिली ओळ बांधापासून किती आत धरायची, सगळं ओरडून सांगत होती. आवाज क्षीण झाला होता. शेवटी शेवटी मेहुणा धावत गाडीपाशी जाऊन ऐकून यायचा.

जानेवारीत तिच्या छातीत कफ भरला. श्वासाचे स्नायूही थकले होते. नऊ दिवस दवाखान्यात होती आणि दहाव्या दिवशी सकाळी गेली.

रोपं आधीच सांगून ठेवलेली. ती जंगली जातीची असतात, आधी ती लावायची, रुजली की पावसाळ्यानंतर त्यांच्यावर चांगल्या द्राक्षाचं कलम भरायचं. नर्सरीवाल्याला थांबायला सांगूया, असं मेहुणा म्हणाला. मी नको म्हटलं. तेरावं झालं आणि त्याच आठवड्यात आम्ही दोघं घाट चढून गेलो. माणसं ओळी आखायला पांढऱ्या फक्कीचा डबा घेऊन उभी होती.

मेहुण्याने दोन्ही नकाशे आणलेले. तो म्हणाला, "भावोजी, तुम्ही सांगाल तसं. दहा म्हणालात तर दहा."

वेलींचा हिशेब मला केव्हाच पटलेला. पण नऊ म्हणणं म्हणजे ती आता येणार नाही हे माझ्या तोंडून म्हणणं होतं. दवाखान्यातल्या कागदावर सही लगेच केली होती. इथे पाणी मागून प्यायलो.

"नऊ बाय पाच," मी म्हटलं. "तिचाच नकाशा घे."

पांढऱ्या रेघा पडत गेल्या. मी एका ओळीच्या तोंडाशी उभा राहून बघितलं. मोकळ्या जमिनीवर नऊ फूट भरपूर वाटतात. दोन माणसं आरामात चालली असती.

पहिल्या उन्हाळ्यात शंभरावर रोपं वाळली. मी दर शनिवारी जायला लागलो, घरी करण्यासारखं काही नव्हतं. मेहुण्याने मला एक गोष्ट शिकवली. पानं गेलेलं रोप मेलंच असं नसतं, नखाने साल जराशी खरवडायची. आत हिरवं दिसलं तर ठेवायचं, तपकिरी असेल तर उपटून तिथे नवं लावायचं. याला नांग्या भरणं म्हणतात. आम्ही दोघं एकेका ओळीतून जायचो, तो पुढे, मी मागे, आणि वाकून वाकून नखाने बघत राहायचो. एकदा तो एका रोपापाशी थांबला, खरवडलं, आत हिरवं होतं, तरी तो उठेना. जवळ जाऊन बघितलं तर तो रडत होता. मी त्याच्या शेजारी मातीत बसलो.