महिन्याचे शिपाई

दसऱ्याला आमच्या घरी पाटावर विळे, कुऱ्हाड, नांगराचा फाळ मांडला जायचा आणि त्यांच्या शेजारी एक लाकडी बंदूक. सागाची, गावच्या सुताराने तासून दिलेली. तिला झेंडू वाहताना सासूबाईंचं तोंड एरंडेल प्याल्यासारखं व्हायचं. शेजारणी मुद्दाम सोनं द्यायला म्हणून यायच्या आणि पदराआड हसायच्या. “चूल फुकाले बरी शे का वं?” एकीने मला विचारलं होतं. मी नवी नवरी. मान खाली घालून बसले, पण मनातल्या मनात त्या बंदुकीची दहा शकलं केली.

हे माझ्या नवऱ्याचं खूळ. पहिल्या मोठ्या लढाईनंतर सरकारने एक पलटण काढली होती. राजीखुशीची भरती. वर्षातून एक महिना छावणीत जाऊन कवायत करायची, बाकीचे अकरा महिने आपलं घर नि आपलं शेत. शहाद्याकडचे शेतकरी, नंदुरबारचे कारागीर असे बरेच जण त्यात होते. गाव त्यांना ‘महिन्याचे शिपाई’ म्हणे. मूळच्या मोठ्या पलटणीच्या ढोलावर तिने मारलेल्या लढायांची नावं रंगवलेली असत. या नव्या पलटणीच्या ढोलावर काहीच नव्हतं, नुसता हिरवा रंग. हे सांगताना यांचा आवाज खाली जायचा.

ढोल कोरा, पण रीतीभाती खऱ्या पलटणीहून कडक. छावणी संपली की बंदूक कपाळाला लावून सरकारजमा करायची. घरी दसऱ्याची शस्त्रपूजा मात्र चुकवायची नाही. आता हातात शस्त्रच नाही तर पूजा कशाची? म्हणून ही सागाची. आणखी एक रीत होती. आपला हवालदार कुठेही भेटो, बाजारात भेटो नाहीतर कुणाच्या लग्नात, टाचा जोडून ताठ उभं राहायचं, आणि तो ‘स्टँड-अॅट-ईज’ म्हणेपर्यंत हलायचं नाही.

आणि यांचा हवालदार कोण, तर पिंजारी! नंदुरबारचा मुसलमान, खांद्यावर कापूस पिंजायची ती लांब कमान घेऊन हिवाळ्यात गावोगाव फिरणारा. आमच्या गाद्या वर्षानुवर्षं तोच पिंजत आलेला. अंगणात बसायचा, तारेचा तुणतुण आवाज वेशीपर्यंत जायचा, संध्याकाळी केसांत, मिशांत कापूस. मी लग्न होऊन आले त्या वर्षी तो दारात आला आणि माझा नवरा, पाटलाचा मुलगा, वाढलेल्या ताटावरून उठला. ओल्या हाताने, भर गल्लीदेखत, टाचा जोडून उभा राहिला. पिंजाऱ्याने कमान खाली ठेवली, हलकेच काहीतरी इंग्रजी पुटपुटला आणि लगेच म्हणाला, “भाऊ, जेवी ले आधी.”

सासूबाईंनी त्या दिवशी अन्नाला हात लावला नाही. “पाटीलना आंडोर,” त्या भिंतीशी बोलत होत्या, “पिंजाराना समोर खांबना मायक उभा ऱ्हायना!” मलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. माहेरी हे कळलं तर काय, एवढंच माझ्या डोक्यात.

पण आमच्या घरातली खरी लाज वेगळीच होती, आणि गावात ती फक्त आम्हा तिघांना, म्हणजे हे, सासूबाई नि मी, ठाऊक होती. यांना दिवस मावळला की दिसायचं नाही. रातांधळे. आमचं लग्न गोरजावर न लागता भर दुपारी का लागलं, ते मला लग्नानंतर कळलं. संध्याकाळी दिवे लागले की मी यांच्या पुढे बांगड्या वाजवत चालायची, आणि उंबरा आला, पायरी आली की कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने पुटपुटायची, “पायरी शे.” हे त्या आवाजामागून यायचे. गावात आम्ही सांगायचो, हे संध्याकाळी पूजेला बसतात.

गंमत अशी, की छावणीतून परतल्यावर आठ-पंधरा दिवस यांना बरंच दिसायचं. तो पिंजारी यांना तिथे बकरीचं काळीज खाऊ घालायचा. डोळ्यांवर तेच औषध. आमच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा चालत नव्हता, त्यामुळे हे मला एकटीलाच सांगितलं होतं. रात्रीच्या कवायतीला हे पिंजाऱ्याचा कमरपट्टा मागून धरून चालायचे, तेही सांगितलं होतं. ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. मला वाटली ती शरमच. नवऱ्याची नड बाहेरच्या माणसाने झाकावी, ही कसली संसाराची तऱ्हा!

मग दुसरी मोठी लढाई लागली आणि या पलटणीलाही कायमचं बोलावणं आलं. एका दिवसात गाव फिरलं. ज्या तोंडांनी चूल फुंकायची गोष्ट काढली होती, त्यांनीच ढोल लावले. हार, गुलाल, बैलांच्या शिंगांना फुगे. सासूबाईंनी लाकडी बंदुकीला स्वतःहून कुंकू लावलं. मी ओवाळलं. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मान वर करून मी गल्लीभर पाहिलं. गाडी तापीच्या रस्त्याला लागेपर्यंत पोरं मागे धावत होती.

आठवडा गेला नसेल, हे परत आले. घरी नाही, परस्पर शेतावर. सालदाराने येऊन सांगितलं तेव्हा कळलं. मी भाकरी घेऊन गेले, तर खोपीत पाठ करून बसलेले. डॉक्टरने डोळे तपासून नापास केलं, एवढंच म्हणाले. गावात शिरायला तयार नव्हते. ढोल वाजवून निघालेला माणूस कोणत्या तोंडाने परतणार? विहिरीवर मला विचारणाऱ्या होत्याच. “तुन्हा दादला लढाई जिकी उना का वं?” मी घागर अर्धी भरून पळाले. रडले ती मात्र घरी येऊन, आणि रडले ती रागाने. यांचा राग, गावाचा राग, माझ्या दुपारच्या लग्नाचा राग. सासूबाईंनी बंदूक सरपणात टाकली होती. मी ती उचलली नाही.

असे बरेच दिवस गेले. मग एका उतरत्या उन्हात पिंजारी दारात उभा. अंगावर खाकी, खांद्यावर कमान नाही. त्याला पाहताच सासूबाईंनी कवाड लावून घेतलं आणि आतून ओरडल्या, “तूच चुगली करी! मन्हा पोऱ्यानी अब्रू तूच लई गया!” मी आत, फटीला डोळा लावून. गल्ली जमली. तो दारातून हलेना. कुणीतरी पोराने शेतावर निरोप नेला असावा, कारण इतके दिवस ज्या माणसाने वेस ओलांडली नव्हती, तो भर गल्लीतून अनवाणी चालत आला. धोतराला माती. पिंजाऱ्यासमोर आला आणि टाचा जोडून उभा राहिला.

“भाऊ,” पिंजारी म्हणाला, “हाव, मीच साहेबले सांगी दिन्हं. इतला साल तू मन्हा पट्टा धरीसन चालना. पण आते रातना पहारा शे. तुन्हा भरोसावर दहा जन झोपतीन. मी काय करू?”

हे ताठच.

“माले माफ कर,” तो म्हणाला. त्याने डोळ्यांना बाही लावली, वळला आणि वेशीकडे चालता झाला. तिथे नंदुरबारला जाणारी गाडी त्याच्यासाठी थांबली होती. जाताना तो सैल व्हायचा हुकूम द्यायला विसरला.

हे उभेच राहिले. लोक आधी हसले. “गया तो!” एक पोरगं ओरडलं. हे हलले नाहीत. दिवस मावळला होता. सगळ्या गल्लीला समोरची मोकळी जागा दिसत होती, यांना दिसत नव्हती. पोरांच्या बोलण्यावर विश्वास ठेवावा तरी कसा, असं त्यांना वाटत असेल, नाहीतर तो गेल्याचं ठाऊक असूनही पुढे पाऊल टाकायची चोरी असेल. घर वीस हातांवर आणि मध्ये नुसता अंधार. हळूहळू लोकांच्या ध्यानात यायला लागलं. हसणं थांबलं, कुजबुज सुरू झाली. ती मला आतपर्यंत ऐकू येत होती.

मी कडी काढली. सासूबाईंनी माझा पदर धरला, तो सोडवला. त्या गल्लीत मी कधी परक्या पुरुषासमोर तोंड उघडलं नव्हतं, नवऱ्याशी चारचौघांत बोलणं तर दूरच. कान तापले होते. त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. सकाळी उजाडल्यावर खळ्यात ते स्वतःलाच हुकूम देत कवायत करायचे, तेव्हा ऐकून ऐकून तो शब्द मला पाठ झाला होता. मी तो जमेल तसा, मोठ्याने म्हटला.

“इष्टँड टीज.”

कुणीतरी फिसकन हसलं. यांचे खांदे सैल झाले, पाय फाकले. मी सगळ्यांदेखत त्यांचा हात धरला आणि घराकडे चालू लागले. ओट्याशी आलो तेव्हा मी आजवर जे पुटपुटत आले होते, ते गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, “पायरी शे. पाय उचला.”