ज्वारीची दारू आणि न पिणारी विहीण

माझ्या प्रज्ञाचं लग्न ठरलंय. मुलगा चिनी, गुणी, आणि माझ्या हातचं भरलं वांगं मिटक्या मारत खातो, म्हणजे माझी ना कशाला असेल? अडचण एकच. लग्नात दोन्ही घरच्यांनी बायज्यूचा, म्हणजे त्यांच्या धान्याच्या दारूचा, पेला एका दमात रिकामा करायचा. आणि मी रोज पंचशील म्हणणारी बाई, दारूला कधी शिवले नाही. होणारे व्याही लिनसाहेब म्हणाले, "आधी बनते कशी ते तर बघा." ऑरेगनमध्ये त्यांच्या मित्राची भट्टी आहे. म्हटलं, चला.

शनिवारी सकाळी सहाला प्रज्ञा, लिनसाहेब आणि मी आमच्या बॉथेल गावातून निघालो. उशीर कराल तर टॅकोमापाशी ट्रॅफिकमध्ये अडकाल. वाटेत रेस्ट एरियात धपाटे खाल्ले. लिनसाहेबांनी चार हाणले. ते हात धुवायला गेले तशी प्रज्ञा म्हणाली, "आई, एक सिप घे ना. ते हर्ट होतील यार." मला वाईट वाटलं. मी उरलेले धपाटे डब्यात भरले.

भट्टीत शिरले आणि माहेरचा वास आला. वाफेवर शिजणारी ज्वारी! अगदी आमच्या लातूरकडच्या कण्या. ती पसरून गार करतात, गहू आंबवून केलेल्या विटांचा भुगा मिसळतात आणि महिनोन्महिने खड्ड्यात बुजवून ठेवतात. मग त्या ओल्या धान्यातूनच वाफ सोडून दारू गाळतात, पाण्यासारखी नितळ. मी चार दाणे चिमटीत दाबून म्हणाले, "अजून कच्ची आहे." मालक हसला. "वीस मिनिटं बाकी आहेत."

मग टेस्टिंग. पंधरा डॉलरमध्ये बोटभर उंचीचे तीन पेले. मी म्हणाले, "लिनसाहेब, माणूस म्हणून तुम्ही मला आवडता. पण हे मी पिणार नाही. लग्नातही नाही."

प्रज्ञाने मान खाली घातली. लिनसाहेबांनी माझा पेला स्वतःकडे ओढला आणि दुसऱ्या रिकाम्या पेल्यात किटलीतलं गरम पाणी ओतून माझ्यापुढे ठेवलं. म्हणाले, "आमच्यात मान पिण्यात नसतो, आपला पेला समोरच्याच्या पेल्याहून खाली धरण्यात असतो." त्यांनी आपला पेला माझ्या पेल्याखाली नेला. मी माझा त्यांच्याखाली. ते आणखी खाली. शेवटी दोघंही पार वाकून टेबलाच्या पायापाशी पोचलो आणि तिथेच पेले रिकामे केले.

मालकाने दिलेली ज्वारी रविवारी दळून भाकऱ्या थापल्या. शेजारी उभी राहून प्रज्ञा म्हणाली, "सॉरी आई. मला वाटलं, तू नाही म्हणालीस तर लग्न मोडेल."

"मलाही तेच वाटत होतं."

"तरी म्हणालीस?"

"उद्या त्या घरात तुझ्यावर नाही म्हणायची वेळ आली, तर कुणाकडे बघून म्हणशील?"