रुमालाखालचा भाव

ताडकळसच्या बाजारात बैलाचा भाव तोंडाने सांगत नाहीत. रुमालाखाली हात घालून बोटं दाबायची, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. लोकांची जनावरं राखता राखता मी व्यापारी झालो तो या रुमालाच्या जोरावर. त्या बाईंनी माझा एक बाजार बुडवला, त्याचा संताप अजून जात नाही.

आमच्या भागातून आमदार झालेल्या त्या पहिल्या बाई. आता सत्तरी उलटलेली, डोक्यावर पदर, काखेत छत्री. बैलाचे दात त्यांनी स्वतः पाहिले, त्याला चालवून पाहिलं आणि माझ्यापुढे हात केला. परक्या बाईचा हात रुमालाखाली कसा धरायचा? मी मागे सरकलो.

"मग तोंडानं सांग."

मी पुटपुटलो. त्यांनी तो भाव सभेत बोलावा तसा खणखणीत उच्चारला. याच बैलाचा चढा भाव ज्याला सांगितला होता, तो माणूस मागेच उभा! तो माझ्या अंगावर आला, बाजार गोळा झाला.

"अक्का, हळू बोला की! धंदा बसायलाय माझा."

"विधानसभेतबी समदं रुमालाखालीच ठरायचं, बाबा. मला कुणी हात घालू देईना. मग मोठ्यानं बोलायला शिकले."

बैल त्यांनी आणखी भाव पाडून नेला. पुढच्या बाजारी त्या दिसताच मी लाज सोडून धावलो आणि रुमाल पुढे धरला.

"आता कशाला?" त्या म्हणाल्या. "मला कमी ऐकू यायलंय. मोठ्यानं बोल."