आधी नवा नाला

"हिला म्यूट कर रे. क्लायंटसमोर पानी-पानी करतेय."

हे आमचे प्रोजेक्ट मॅनेजर बोलले. मीटिंग ऑनलाइन होती. सर ठाण्याच्या ऑफिसात, मी मानपाड्याच्या साइटवर, पत्र्याच्या केबिनमध्ये. माझा आवाज बंद करायला सांगताना त्यांचा स्वतःचा माईक चालू राहिला. सगळे हसले. क्लायंटची माणसंसुद्धा.

मी आगरी. आमच्यात पाण्याला पानीच म्हणतात. सहा वर्षं ह्या कंपनीत प्लॅनिंग करतेय. इथल्या टॉवरचं एकूण एक काम सॉफ्टवेअरमध्ये मी घातलंय. कुठलं काम आधी, कुठलं नंतर, ते जोडणाऱ्या रेघा मी ओढल्यात. प्लॅनखाली नाव मात्र सरांचं. वाईट वाटायचं, पण गप्प राहायचे. नोकरी होती ना.

त्या प्लॅनमध्ये एक रेघ होती. नवा नाला पूर्ण झाल्याशिवाय जुना बुजवायचा नाही. टॉवरच्या जागेतल्या ह्या जुन्या नाल्यातून शेजारच्या आमच्या गावाचं पाणी खाडीला जातं. सरांनी ती रेघच काढून टाकली. लगेच प्रोजेक्ट दीड महिना आधी संपताना दिसायला लागला. क्लायंट खूश. पावसाळ्यात आमच्या घरांत कंबरभर पाणी शिरेल, त्याचं कुणाला काय?

मी सकाळीच सरांना फोन केलेला. म्हणाले, तू एंट्री कर, डोकं लावायला आम्ही आहोत. म्हणून मीटिंगमध्ये तोंड उघडलं, तर हे.

खरं सांगते, आधी लाज वाटली. कान तापले. मग त्या लाजेचाच राग आला. माझी भाषा, माझं गाव, आणि मान मी खाली घालायची? म्यूट केलेल्याला स्वतःचं बटण दाबता येतं. दाबलं.

"सर, जुना नाला आधी बुजवला तं आमचे गावान पानी भरंल. तुमी काढलेली रेघ मी परत टाकते."

आता कोणी हसलं नाही. क्लायंटच्या मॅडमनी विचारलं, असं आहे का? सर म्हणाले, नवीन आहे ती, गोंधळते.

सहा वर्षं. नवीन.

संध्याकाळी सरांनी प्लॅन पुन्हा पाठवला. रेघ पुन्हा गायब. आणि खाली, 'तयार करणारे' ह्या रकान्यात, पहिल्यांदाच माझं नाव. आडनावासकट. इतकी वर्षं प्लॅनचं कौतुक होत होतं, तेव्हा हे नाव कुठे मेलं होतं? आता गाव बुडालं की बोट दाखवायला आगऱ्याची पोर हवी.

मी रेघ परत ओढली. ती कोणी काढली, कधी काढली, हे फाइलमध्ये नोंदलेलं असतं. तेही जोडलं. क्लायंटच्या मॅडमना पाठवलं, कंपनीच्या मालकांना पाठवलं, छापून गावकीच्या हातात दिलं.

उद्या ठाण्याला बोलावलंय. बहुतेक काढून टाकतील. टाकू देत. भराव घेऊन पहिला डंपर नाल्यावर येईल, तेव्हा त्याच्या आडवी मी उभी असेन. आणि एकटी नसेन.