शिक्का कोणी पुसला?

ती घटना विसरावी असं मला पुष्कळदा वाटलं, पण विसरता येत नाही. खुनाचे, दरोड्याचे तपास केले. त्यांतल्या आरोपींचे चेहरेसुद्धा आता धूसर झालेत. या प्रकरणात सुरा नव्हता, पिस्तूल नव्हतं आणि शेवटी आरोपीही नव्हता. तरी सबंध नोकरीत मला सगळ्यांत जड गेलेला तपास तोच.

मी तेव्हा पुण्याच्या दक्षिण भागातल्या एका ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. दुपारी नियंत्रण कक्षाचा निरोप आला: खासगी रुग्णालयात मारहाण आणि तोडफोड. आम्ही पोहोचलो तेव्हा काचांचा खच पडला होता. एक तरुण नर्स औषधांच्या खोलीत आतून कडी लावून बसली होती. ओठ फुटलेला, एप्रनची बाही खांद्यापासून फाटलेली. बाहेर नातेवाईक ओरडत होते, "हिनंच मारलं!"

वारलेली बाई तिशीच्या आतली. शहराच्या हद्दीत नव्याने आलेल्या एका गावातल्या शेतकरी घरातली सून. मूत्रपिंडाला संसर्ग झाला म्हणून तापाने फणफणलेल्या अवस्थेत तिला आणलं होतं. ती बोलूही शकत नव्हती. अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं आणि काही मिनिटांत तिचा श्वास कोंडला. ती वाचली नाही.

तिचा नवरा मात्र ओरडत नव्हता. जिन्याच्या पायरीवर बसून होता. मी शेजारी बसलो तेव्हा म्हणाला, "साहेब, म्या सांगितलं हुतं. पोरगी झाली तवा बाळंतपणाला हितंच आणलं हुतं हिला. तवा बी एक इंजेक्शन अंगावर उठलं हुतं. नाव नाय ध्येनात, पर सांगितलं हुतं."

"कोणाला?"

"डागदरांना. ते म्हणले, तुमचं सगळं जुनं रेकॉर्ड कॉम्प्युटरवर हाय, बघतो. बघितलं बी. म्हणले, तसं काय लिहिलेलं नाय."

अकस्मात मृत्यूची नोंद केली. उपचारातल्या हलगर्जीपणाच्या तक्रारीत वैद्यकीय समितीचं मत आल्याशिवाय अटक करता येत नाही. पण संध्याकाळपर्यंत मारहाणीचा व्हिडिओ गावभर फिरला होता. त्याखाली 'खुनी नर्स' असं लिहिलेलं.

ती नर्स वर्ध्याकडची. बिबवेवाडीत मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची. जबाबात तिने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. "मी पाहिलं होतं ना सर. डॉक्टरांनी पाहिलं, मग मीपण पाहिलं. चाचणीचा डोसपण दिला, त्यात काही दिसलं नाही. स्क्रीनवर काही असतं तर मी कशाला दिलं असतं सर?"

आम्ही संगणकातली जुनी फाइल तपासली. तिचं म्हणणं खरं होतं. बाळंतपणाच्या केसपेपरची सगळी पानं होती, ॲलर्जीचा उल्लेख कुठेच नव्हता. म्हणजे एक तर नवऱ्याची चुकीची समजूत होती, नाही तर चार वर्षांपूर्वी नोंदच झाली नव्हती.

आणि मग एक निनावी फोन आला. बाईचा आवाज, दबलेला. "साहेब, त्या पेशंटच्या मूळ फाइलवर शिक्का होता. मी स्वतः पाहिलाय. जुन्या फायली लगद्याच्या कारखान्यात चालल्यात. जायचं असेल तर आजच जा." फोन बंद झाला. ती कोण, हे मी कधी शोधलं नाही.

रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागाच्या प्रमुखांना गाठलं. चष्म्यावरून माझ्याकडे पाहत ते म्हणाले, "अहो, आम्ही आता पेपरलेस झालोय. आपल्याला कागद बघायची हौस असेल तर गोदामात जावं लागेल. उंदीर असतील, सांभाळून."

गोदाम शहराबाहेर होतं. बरीचशी पोती आधीच गेली होती. उरलेली आम्ही दोन पंचांसमोर सोडली आणि धुळीने नाक चोंदेपर्यंत शोधत राहिलो. फाइल मिळाली. पहिल्याच पानावर, वरच्या कोपऱ्यात, गुलाबी शाईचा चौकोनी शिक्का होता: 'औषधाची ॲलर्जी'. खाली फिकट लाल पेनाने औषधाचं नाव. रंग उडत चालला होता, पण डोळ्यांना स्वच्छ दिसत होता. आणि तेच औषध त्या बाईला दिलं गेलं होतं.

संगणकातलं तेच पान शेजारी ठेवलं. वय, वजन, रक्तगट, सगळं जसंच्या तसं. कोपरा मात्र कोरा.

आता संशयाला जागा उरली नव्हती, असं आम्हाला सगळ्यांनाच वाटलं. मृत्यूनंतर कोणीतरी संगणकात शिरून शिक्का पुसला होता. व्हिडिओवाल्यांना नवा मथळा मिळाला. फायली स्कॅन करणारा माणूस एका कंत्राटदाराकडे कामाला होता. पन्नाशीला आलेला, सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यातून बाहेर पडलेला. त्याला ठाण्यात बोलावलं.

"शिक्का कोणी पुसायला सांगितला?"

"साहेब, मी कागद लावतो, मशीन ओढतं."

"ते कळलं. शिक्का?"

"मी वाचतच नाही साहेब. गठ्ठा लावायचा, बटण दाबायचं, दुसरा गठ्ठा घ्यायचा. वाचत बसलो तर काम कधी उरकणार?"

हीच उत्तरं त्याने सकाळी दिली, दुपारी दिली आणि दुसऱ्या दिवशीही दिली. खोटं बोलणारा माणूस प्रत्येक वेळी गोष्टीत थोडी भर घालतो, हा माझा अनुभव आहे. खरं बोलणारा तेच कंटाळवाणं वाक्य परत परत बोलतो. हा दुसऱ्या जातीचा होता. सायबर विभागाचा अहवालही तेच सांगत होता. ते पान मृत्यूच्या दोन वर्षं आधी संगणकात आलं होतं आणि त्यानंतर कोणीही त्याला हात लावलेला नव्हता.

मग शिक्का गेला कुठे?

वैद्यकीय समितीला कागद पाठवायचे होते. मूळ पान जप्त मुद्देमालात होतं, म्हणून आमच्या महिला हवालदारांना मी त्याची प्रत स्कॅन करायला सांगितली. थोड्या वेळाने त्या केबिनमध्ये आल्या. चेहरा उतरलेला.

"सर, शिक्का येत नाहीये."

"म्हणजे?"

"पान आलं. शिक्का नाही आला. मी तीनदा केलं."

मी उठून यंत्रापाशी गेलो. माझ्या हाताने पान लावलं. पडद्यावर पान उमटलं आणि कोपरा पांढराशुभ्र होता.

तज्ज्ञ बोलावला, पंचांसमोर रुग्णालयाच्या यंत्रावरही तेच करून पाहिलं. कारण फार साधं निघालं. अशा यंत्रात रंग आपोआप ओळखायची सोय असते. प्रत्येक पानावर रंग किती आहे ते यंत्र स्वतःच बघतं. भरपूर असेल तर रंगीत चित्र घेतं. नाममात्र असेल तर ते पान साधं समजून निव्वळ काळ्या-पांढऱ्यात घेतं. काळ्या-पांढऱ्यात अधलंमधलं काही नसतं. गडद ते काळं, फिकट ते पांढरं. एवढ्या मोठ्या पानावर तेवढासा फिकट गुलाबी-लाल रंग यंत्राच्या हिशेबी दखल घेण्याजोगा नव्हता, म्हणून पान काळ्या-पांढऱ्यात गेलं आणि शिक्का पांढरा झाला. ती सोय बंद करून पान पुन्हा लावलं. शिक्का उमटला.

मी विचारलं, "ही सोय चालू कोणी ठेवली?"

"कोणी ठेवली नाही," तज्ज्ञ म्हणाला. "नवं यंत्र येतं तेव्हा ती चालूच असते. बंद करायची गरज कोणाला वाटली नाही. फाइल लहान होते, काम लवकर होतं."

कंत्राटदार म्हणाला, आम्हाला रंगाबद्दल लेखी सूचना नव्हती. रुग्णालय म्हणालं, प्रत हुबेहूब असणं ही कंत्राटदाराची जबाबदारी. यंत्र विकणाऱ्याने माहितीपुस्तिकेतलं पान दाखवलं. तिथे सगळं लिहिलेलं होतं. समितीने कळवलं की डॉक्टर आणि नर्स यांनी उपलब्ध नोंदी पाहून योग्य तेच केलं. गुन्हेगारी हलगर्जीपणा कोणाचाच दिसत नाही. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर होतं. मी त्याप्रमाणे अहवाल लिहिला आणि प्रकरण बंद झालं.

स्कॅन केलेल्या बाकीच्या फायली पुन्हा तपासा, असं मी रुग्णालयाला लेखी कळवलं. उत्तर आलं: मूळ कागद नष्ट झाले आहेत. म्हणजे असे आणखी किती शिक्के पांढरे झाले, ते आता कोणालाच सांगता येणार नाही. ती माणसं याच शहरात राहतात. कर्वेनगरात असतील, माझ्या सोसायटीतही असतील. आपली नोंद आहे, या भरवशावर निर्धास्त.

नर्सला मी स्वतः फोन केला. ती तोवर नोकरी सोडून गावी गेली होती. म्हटलं, "बाळ, तुझ्यावर काहीही ठपका नाही."

ती म्हणाली, "ते कागदावर आहे ना सर. तो व्हिडिओ अजून फिरूनच राहिला आहे. आमच्या गावातपण पाहिला सगळ्यांनी. त्यातून मला काढता येते का?"

मी म्हणालो, प्रयत्न करतो. प्रयत्न केलाही. एका ठिकाणाहून काढला की दुसरीकडे दिसायचा. पुढे तिचा नंबर बंद झाला.

नवऱ्याला मी ठाण्यात बोलावून सगळं समजावून सांगितलं. तो पोरीला घेऊन आला होता. यंत्र, रंग, शिक्का; जमेल तितकं सोपं करून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी कुणीच नाय?"

"आरोपी म्हणून कोणी नाही."

"आन् म्या त्या नर्सबाईला मारलं, साहेब. गर्दीत म्या बी हुतो. पयला हात माजाच हुता."

त्या मारहाणीचा गुन्हा वेगळा दाखल होता. नर्सने कोणालाही ओळखायला नकार दिला होता आणि व्हिडिओत तिच्याशिवाय कोणाचा चेहरा स्पष्ट दिसत नव्हता.

तो उठला, पोरीला कडेवर घेतलं. दारापाशी थांबून म्हणाला, "कुणी मुद्दाम केलं असतं तर बरं झालं असतं."

आरोपी सापडला की माणसाला निदान रागाला जागा मिळते, हे मी इतकी वर्षं पाहत आलो होतो. आमची सगळी नोकरी त्याच समजुतीवर उभी असते: कोणीतरी केलेलं असतं, आपण त्याला शोधायचं. या प्रकरणात मी सगळं शोधून काढलं. शोधल्याचा उपयोग कोणाला झाला, हे मला आजपर्यंत सांगता आलेलं नाही.